यंत्र : मित्र की वैरी?

विद्यार्थ्यांनो, यंत्र हे कामगाराचे मित्र की वैरी? इंग्लंडातील नॉटिंगहॅम परगण्यात १८११ साली मोजे विणणाऱ्या कारागिरांनी मालकांची यंत्रे फोडली. ती यंत्रे का नवी होती? छे! विल्यम ली याने तसले यंत्र १५८९ सालीच घडविले होते. त्यावरच कित्येक पिढ्यांचा चरितार्थ चालला होता. मग राग कशाचा? मालक हलका माल काढीत आणि मजुरी कापीत, याचा. १८१२ साली सरकारने यंत्र फोडणाऱ्यास देहदंड ठरविला. पण पोटाची आग कायद्याने विझत नाही.

सारांश, मूळ वैर यंत्राशी नव्हते. कामगाराने यंत्राचे स्वागत करावे. मात्र वाचलेल्या श्रमांत व वाढलेल्या लाभात आपला वाटा निश्चयाने मागावा. जाब विचारावा तो यंत्राच्या धन्याला. लोखंडाला काय कळे?