यात्रेत गॅस सिलिंडर : घ्यावयाची दक्षता

शेगावी श्रींच्या दर्शनास येणारे अनेक भाविक वाटेतील स्वयंपाकासाठी वाहनात गॅस सिलिंडर ठेवतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास वर न जाता वाहनाच्या तळाशी साचतो व एका ठिणगीनेही पेट घेतो.

सिलिंडर उभाच ठेवावा. आडवा ठेवल्यास झडपेशी द्रवरूप गॅस येतो आणि बाहेर पडताच सुमारे २५० पट पसरतो. रेग्युलेटर काढून, झडपेवर टोपी घट्ट बसवून सिलिंडर दोरीने पक्का बांधावा. बंद डिकीत वा उन्हात उभ्या वाहनात तो ठेवू नये. खिडक्या उघड्या असाव्यात. वाहनात उदबत्ती, दिवा वा विडी पेटवू नये. वास आल्यास वाहन थांबवून इंजिन बंद करावे, दारे उघडून सर्वांनी दूर जावे व १९०६ क्रमांकावर कळवावे.

रेल्वेने सिलिंडर नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या डब्यात लपवून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागून ९ जणांचा मृत्यू झाला.

शेगावी संस्थानात महाप्रसादाची सोय आहे. त्यामुळे सिलिंडर घरीच ठेवून येणे सर्वांत हिताचे होय.