उष्ट्या ओळीत वाढू नये

पोरी, तुझं जिनिंगचं अ‍ॅप पाहिलं. कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची यादी छान दिसते. नाव, गाव, वजन, ओलावा, सगळं जागच्या जागी आहे. पण ही यादी आज तीस नावांची आहे. दिवाळी होऊन आवक लागली की ती हजाराच्या पुढे जाईल. तेव्हा ती ज्याच्या हातात असेल तो पोरगा काट्यापाशी उभा असेल. मागे गाड्यांची रांग, हातात दोन-तीन जीबी रॅमचा स्वस्त फोन, बोटाला रुईची कुसळ. यादी अडकली तर रांग अडकते आणि यादी खोटं बोलली तर एखाद्या शेतकऱ्याचा हिशेब बिघडतो. म्हणून या लांबलचक याद्यांबद्दल जे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोरापोरीला सांगत आलो, ते तुलाही सांगून ठेवतो.

पंगतीत पाचशे पानं उठायची असली म्हणून कोणी पाचशे ताटं आणत नाही. साठ-सत्तर ताटं असतात. एक पंगत उठली की तीच धुऊन पुढच्या पंगतीला लागतात. फोनवरची यादी याच हिशेबाने चालते. पडद्यावर एका वेळी दहा ओळी मावत असतील, तर बाराशे शेतकऱ्यांसाठीही फोन साधारण पंधरा-वीस ओळीच घडवतो. वरची ओळ पडद्याबाहेर गेली की तीच खालून येणाऱ्या नावासाठी वापरतो. पडद्यावर सरकताना दिसतात ती नावं. ओळी त्याच त्या फिरत असतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही समजून घे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो, म्हणजे एका वेळेला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. ९० हर्ट्झच्या फोनवर ११, १२० वर ८ च्या आसपास. तेवढ्यात नवी ओळ कोऱ्यापासून घडवायची म्हणजे लेआउटची फाइल वाचा, प्रत्येक टेक्स्टव्ह्यू जन्माला घाला, त्यांना मापा, जागेवर बसवा. स्वस्त फोनला हे झेपत नाही आणि यादी झटके देत सरकते. शिवाय टाकून दिलेल्या ओळी मेमरीत साचतात, त्या झाडायला सिस्टिम मधेच थांबते, तो झटका वेगळाच.

२००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला तेव्हापासून लिस्टव्ह्यूमध्ये ही सोय आहे. गेटव्ह्यू फंक्शनला कन्व्हर्टव्ह्यू नावाने जुनी ओळ हातात मिळायची. पण ती घ्यायची की नाही हे लिहिणाऱ्यावर सोडलेलं होतं, आणि कितीतरी जण ती बाजूला सारून दर वेळी नवी ओळ घडवायचे. २०१० च्या गुगल आय/ओमध्ये रोमां गी आणि अ‍ॅडम पॉवेल यांनी लिस्टव्ह्यूवर एक अख्खं व्याख्यान दिलं. जुनी ओळ का वापरायची आणि व्ह्यूहोल्डर कसा ठेवायचा, हे त्यात होतं. पुढे २०१४ मध्ये रिसायकलरव्ह्यू आला आणि त्याने दोन कामांची फारकतच केली. ओळ घडवायची ती ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये, भरायची ती ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये. तू थेट रिसायकलरव्ह्यूवर शिकलीस, म्हणून ही फारकत तुला नुसता नियम वाटते. पण यादीतल्या बहुतेक चुका या दोन कामांची सरमिसळ झाली की होतात.

आता मुख्य गोष्ट. ताट धुणं तुझ्याकडे आहे, फोनकडे नाही. तो ओळ परत देतो ती उष्टी असते. मागच्या माणसाचा रंग, मागची टिक, मागचा फोटो तिच्यावर तसाच असतो. आणि हे तीस नावांच्या यादीत सहज लक्षात येत नाही, म्हणून घात होतो.

तुझ्याच कोडातलं दाखवतो. सीसीआय हमीभावाने कापूस घेताना ८ टक्के ओलावा धरते, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भाव कमी करते आणि १२ च्या वरचा कापूस घेत नाही. तू लिहिलंस की ओलावा १२ च्या वर असेल तर ओळीवर लाल पट्टी दाखव. बरोबर. पण १२ किंवा त्याखाली असेल तर पट्टी लपव, हे लिहिलं नाहीस. तुला वाटलं, लेआउटमध्ये ती मुळात लपलेलीच आहे. कोऱ्या ओळीत असते. पण १४ टक्क्यांच्या गाडीसाठी उघडलेली पट्टी घेऊन तीच ओळ खाली येते आणि ९ टक्के ओलाव्याचा कोरडा, चांगला वेचलेला कापूस आणणाऱ्याच्या नावावर लाल पट्टी दिसते. काट्यावरच्या पोराने ती पाहून गाडी बाजूला घ्यायला सांगितली, तर त्या शेतकऱ्याला कारण कोण सांगणार? म्हणून बाइंडमध्ये ‘इफ’ आला की ‘एल्स’ आलाच पाहिजे. रंग, दिसणं-लपणं, ठळक अक्षर, बटण चालू की बंद, फोटो, सगळं दर वेळी दोन्ही बाजूंनी लिही. ओळीला काहीही आठवत नाही असं धरून चाल, आणि तिच्यावर काहीतरी शिल्लक आहे असंही धरून चाल. आयफोनवर हेच सेलचं. डीक्यूरियुजेबलसेलने मिळालेला सेल जुनाच असतो. तिथे प्रिपेअरफॉररियुज आहे, पण मजकूर त्यात पुसत बसू नये. मजकूर प्रत्येक वेळी सेल भरतानाच पूर्ण लिहावा.

यापेक्षा घातक चूक ‘चुकारा झाला’ या चेकबॉक्सची. मुनीम तिसऱ्या नावावर टिक करतो, यादी सरकवतो आणि सतराव्या नावावर आपोआप टिक दिसते. इथवर ती दिसण्यातली चूक. पण चेकबॉक्सवर बदल ऐकणारा लिसनर लावलेला असतो. नवीन माणसासाठी ओळ भरताना तू टिक काढलीस किंवा लावलीस की लिसनरला वाटतं मुनिमानेच बोट लावलं. लिसनरकडे अजून मागच्या माणसाचा क्रमांक असतो, आणि तो डेटाबेसमध्ये जाऊन त्या मागच्या माणसाचा चुकारा खोडून येतो. पडद्यावरची चूक वहीत उतरते. ही पकडायला महिना लागतो, कारण कोणी तिथे बोटच लावलेलं नसतं. उपाय सोपा आहे. भरण्याआधी लिसनर काढ, टिक लाव, मग लिसनर परत लाव. त्याहून बरं म्हणजे टिक ओळीत ठेवूच नकोस. ती नोंदीत ठेव, ओळीने फक्त नोंद वाचून दाखवावी. टायपिंगची चौकट असेल तर टेक्स्टवॉचरचंही असंच. दर भरण्याला नवा वॉचर जोडत गेलीस तर एकाच चौकटीवर दहा वॉचर चढतात आणि दहा वेगळ्या माणसांच्या नोंदीत तेच वजन लिहितात.

क्लिकचं बोलायचं तर लिसनर ओळ घडवतानाच एकदा लाव आणि बोट लागेल त्या क्षणी बाइंडिंगअ‍ॅडॅप्टरपोझिशन विचार. भरतानाचा पोझिशन पकडून ठेवू नकोस. वर एक नवी गाडी नोंदली गेली की तो एकाने चुकतो. आणि पोझिशन उणे एक आला तर गुपचूप परत फिर, ती ओळ त्या क्षणी यादीतून निघत असते.

आता ओळख कशावरून पटवायची ते. हा आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न आहे, शहरातल्या पोरांना तो सुचत नाही. पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या तांड्यांवर जा, राठोड, चव्हाण, जाधव, पवार याच आडनावांनी यादी भरते. केळापूर-घाटंजीकडे आत्राम, मडावी, कुमरे. एकाच गावात नाव, बापाचं नाव, आडनाव तिन्ही सारखी असलेली दोन माणसं मिळतात. त्यामुळे दोन याद्यांतला फरक काढणाऱ्या डिफयुटिलला ‘ही तीच नोंद का’ याचं उत्तर नावावरून कधीच देऊ नकोस. शेतकऱ्याच्या आयडीवरूनही नको. पहिला वेचा घेऊन आलेला माणूस महिन्याभराने दुसरा घेऊन येतोच. एक माणूस, दोन गाड्या, दोन वजनं, दोन चुकारे. ओळीची खरी ओळख काटापट्टीच्या क्रमांकावरून. आयटम सेम आहे का, तर काटापट्टी सारखी आहे का ते बघ. मजकूर सेम आहे का, तर पडद्यावर दिसणारं सगळं ताडून बघ. डिफयुटिल युजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने फरक काढतो. तो त्याचं काम चोख करतो, ओळख मात्र तू खरी द्यायची. एक गाडी वाढली म्हणून नोटिफायडेटासेटचेंज्ड मारून सगळी यादी हलवू नकोस. आणि लिस्टअ‍ॅडॅप्टरला तीच लिस्ट आतून बदलून परत दिलीस तर तो ढिम्म हलत नाही, कारण त्याच्या लेखी ती जुनीच लिस्ट. दर वेळी नवी लिस्ट दे.

कापसाच्या नमुन्याचा फोटो ओळीत दाखवायचा म्हणतेस, तर तिथेही उष्टं सांभाळ. फोटो नेटवरून यायला वेळ लागतो. तोवर ओळ दुसऱ्याची झालेली असते आणि मारेगावच्या माणसाचा कापूस राळेगावच्या माणसाच्या नावासमोर येऊन बसतो. ग्लाइड किंवा कॉइल वापर. ओळ दुसऱ्याला दिली की ते जुनी मागणी रद्द करतात. फोटो नसेल तेव्हाही जुना पुसायला त्यांना सांगावंच लागतं. आणि मूळ फोटो ओळीत टाकू नकोस. ४००० बाय ३००० चा एक फोटो मेमरीत उघडला की ४ कोटी ८० लाख बाइट खातो. २०० बाय २०० चा तुकडा १ लाख ६० हजारांत भागतो.

भरताना हिशेब करू नये. तारखेचा फॉरमॅटर दर ओळीला नवा बनवणं, क्विंटलला भावाने गुणणं, आकडे देवनागरीत बदलणं, हे सगळं यादीत येण्याआधी, मागच्या थ्रेडवर उरकून तयार मजकूरच ओळीकडे पाठव. आपल्या लिपीला इंग्रजीपेक्षा जास्त मांडणी लागते. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जुळवून आकार घडवावा लागतो. अँड्रॉइड ९ पासून प्रीकॉम्प्युटेडटेक्स्ट आहे, लांब मजकुरासाठी तो वापर. आणि ओळ आटोपशीर दिसावी म्हणून इन्क्लूडफॉन्टपॅडिंग बंद करायचा मोह होईल. कर, पण ‘आर्णी’चा रफार आणि ‘मुकुटबन’चे उकार पूर्ण दिसतात ना, ते प्रत्येक फॉन्टवर पाहून घे. गावाचं नाव कापलेलं दिसलं की माणसाचा अ‍ॅपवरचा विश्वास जातो, आणि ते रास्तच आहे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नकोस. वर हेडर, खाली यादी, सगळं एकत्र सरकावं म्हणून रिसायकलरव्ह्यू नेस्टेडस्क्रोलव्ह्यूमध्ये टाकून त्याला रॅपकंटेंट उंची देऊ नकोस. मग त्याला वाटतं आपला पडदाच बाराशे ओळींचा आहे, आणि तो बाराशेच्या बाराशे ओळी घडवतो. कोड तोच, चूक कुठेही दिसत नाही, आणि पुनर्वापर मात्र संपलेला असतो. हेडरला वेगळा व्ह्यूटाइप दे किंवा कॉन्कॅटअ‍ॅडॅप्टर लाव.

तुझे मित्र फ्लटरवाले आहेत, त्यांचं थोडं वेगळं. लिस्टव्ह्यूडॉटबिल्डर लागेल तेवढ्याच ओळी बांधतो, पण पडद्याबाहेर गेलेली ओळ जपत नाही, मोडून टाकतो. तिथे उलटी तक्रार येते. ओळीत ठेवलेली टिक परत आल्यावर गायब. रिअ‍ॅक्ट नेटिव्हची फ्लॅटलिस्टही ओळी फिरवत नाही. शॉपिफायने २०२२ मध्ये काढलेली फ्लॅशलिस्ट फिरवते, म्हणजे तिथे उष्ट्याचा धोका पुन्हा आलाच. कंपोजमध्ये लेझीकॉलमला की आणि कंटेंटटाइप द्यायला विसरू नकोस. साधन कोणतंही असो, खरी नोंद ओळीबाहेर ठेवलेली असली की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

तपासायचं कसं, ते सांगतो. दोन हजार खोट्या काटापट्ट्या बनव. दर सातवी १४ टक्क्यांची, दर पाचवी फोटो नसलेली, दहा नावं हुबेहूब सारखी. तुझ्या चांगल्या फोनवर नको, घरातला सगळ्यात जुना फोन घे आणि रिलीज बिल्ड टाक; डीबग बिल्डची संथगती धरून निष्कर्ष काढू नये. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एचडब्ल्यूयूआय रेंडरिंगचे दांडे चालू कर. हिरवी आडवी रेघ म्हणजे १६ मिलिसेकंद. तिच्या वर दांडे वारंवार गेले की कुठेतरी भरताना काम होतंय. मग जोरात झटका देऊन तळाशी जा, वर ये, दोन-चार टिका कर, पुन्हा खाली जा, मधेच फोन आडवा कर. कुठे कोरड्या कापसावर लाल पट्टी दिसली, की बाइंडमध्ये ‘एल्स’ कुठे राहिला ते शोध. शेवटी डेटाबेस उघडून केलेल्या टिका मोज. पडद्यावर केल्या तेवढ्याच भरल्या पाहिजेत. हे सगळं दिवाळीआधी उरक, कारण एकदा आवक लागली की काट्यावर नवी एपीके टाकायला कोणी फोन हातात देणार नाही.