रक्तातील खुणा

घरात न्यूमोनियाचा रोगी असला म्हणजे माणसे एकच गोष्ट विचारतात, "यातून हा उठेल ना?" पेनिसिलिन नव्हते त्या काळी सातव्या दिवसाच्या आसपास रोग्यास दरदरून घाम सुटे, ताप एकाएकी उतरे आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडे. कित्येकांचा ताप उतरतच नसे. तोवर दिवस मोजीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर काही अंशी रक्तात शोधतात. ते कसे, हे आपण पाहू.

१९३० साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेतील टिलेट व फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या जंतूंपासून काढलेला एक पदार्थ रोग्यांच्या रक्तद्रवात मिसळला. मिश्रण गढूळ होऊन त्यात साका धरला. रोगी बरा झाल्यावर मात्र त्याच्याच रक्तद्रवात तसे काही घडेना! जंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे रोग ओसरताना वाढलेली असतात. येथे सारेच उलटे. जंतूंच्या त्या पदार्थास 'सी' म्हणत, म्हणून रक्तातील या प्रथिनास पुढे 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन', म्हणजेच सीआरपी, असे नाव पडले. ते यकृतात तयार होते. निरोगी माणसात लिटरमागे ते साधारणतः १० मिलिग्रॅमच्या आत असते. तीव्र जंतुसंसर्गात शेकड्यांनी वाढते. दाह शमून त्याची निर्मिती थांबली की सुमारे १९ तासांत ते निम्मे होते. म्हणूनच पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा पुढील दिवसांतील त्याची चाल आम्हांस अधिक बोलकी वाटते. चौथ्या दिवशीही तो निम्म्यावर आला नसेल, तर औषध लागू पडत नाही की फुफ्फुसाभोवती पू साठला आहे, अशी शंका डॉक्टरांस घ्यावी लागते.

कधी कधी जंतूंविरुद्ध पेटलेला शरीराचा प्रतिकारच बेताल होऊन मूत्रपिंड, यकृत, हृदय यांस इजा करतो. यास सेप्सिस म्हणतात. येथे लॅक्टेटची खूण मोलाची ठरते. १८४३ साली जर्मनीतील वुर्झबुर्ग येथील शेरेर यांनी सूतिकाज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल आढळल्याचे नोंदविले होते. रक्तदाब टिकविण्यास औषध द्यावे लागत असून, पुरेसा द्रव देऊनही लॅक्टेट लिटरमागे २ मिलिमोलपेक्षा अधिक राहिले, तर त्या अवस्थेस सेप्टिक शॉक म्हणतात. अशा रोग्यांपैकी शंभरांत चाळीसांहून अधिक दगावतात, असे २०१६ साली ही व्याख्या ठरविताना दिसून आले. आता गंमत पाहा. क्रीडामहोत्सवात ४०० मीटर धावून आलेल्या आपल्या मित्राचे लॅक्टेट याहून कितीतरी अधिक भरेल, आणि तो थोड्याच वेळात हसत लिंबूपाणी पीत असेल! आकडा कोणाच्या रक्तातील, हे प्रथम विचारले पाहिजे.

प्रोकॅल्सिटोनिन ही आणखी एक खूण. जंतुसंसर्गात ती वाढते, हे पॅरिसमधील संशोधकांनी १९९३ साली दाखविले. प्रतिजैविके केव्हा थांबवावीत, हे ठरविण्यास आज तिचे साहाय्य होते. मात्र एकटी कोणतीच खूण निकाल देत नाही. प्रौढांच्या न्यूमोनियाचे गांभीर्य जोखताना पाच गोष्टी पाहण्याची एक पद्धत आहे: बोलण्यातील भ्रम, रक्तातील युरिया, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि ६५ वा त्याहून अधिक वय. पाचांपैकी एकट्या युरियासाठीच रक्त काढावे लागते. श्वास तर घरचे कोणीही घड्याळ समोर ठेवून मोजू शकते. स्वस्थ पडलेल्या प्रौढ रोग्याचा श्वास मिनिटास ३० वा अधिक भरला, किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर रक्ताच्या अहवालासाठी घरी थांबू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.