हरभऱ्याचा दाणा जागा कसा होतो?

मुलांनो, कणगींतला हरभऱ्याचा एक दाणा तळहातावर घ्या. तो खड्यासारखा कठीण व कोरडा दिसतो. तरी तो मेलेला नाहीं, निजलेला आहे. मृत समुद्राजवळच्या मसादा नांवाच्या प्राचीन किल्ल्यांत खजुराच्या बिया सांपडल्या होत्या. त्यांतील सुमारें २००० वर्षांची एक बी २००५ सालीं रुजली व तिचें झाड झालें. तेथील हवा अत्यंत कोरडी आहे, म्हणून एवढी झोंप साधली. आपला हरभरा इतका निजत नाहीं.

दाण्याला जागें करावयास पाणी, ऊब व हवा हीं तिन्ही लागतात. हवेची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. यासाठीं घरींच एक प्रयोग करा. दोन वाट्यांत पांच पांच दाणे रात्रभर भिजवा. सकाळीं एका वाटींतले दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळा. दुसरींतले पाण्यांत बुडालेलेच राहूं द्या. फडक्यांतल्यांना मोड येतील. बुडालेले कांहीं दिवसांनीं कुजून त्यांस घाण सुटेल. बीसुद्धां श्वास घेते, आणि पाण्याखालीं तिला पुरेशी हवा मिळत नाहीं. चांगल्या मातीच्या कणांमध्यें निम्म्याच्या जवळपास पोकळी असते, आणि तींत पाणी व हवा दोन्ही नांदतात. देशावरची काळी माती तर ओल फार दिवस धरून ठेवते, म्हणून पाऊस सरल्यावरहि तिच्यांत हरभरा पेरतां येतो.

मोड म्हणजे मूळ. दाणा उलटा पडला तरीहि तें खालींच जातें. खालची बाजू त्याला कशी कळते? इंग्लंडांतील थॉमस नाइट यांनीं पाण्याच्या जोरानें फिरणाऱ्या चाकावर बिया बसविल्या, आणि तो प्रयोग १८०६ सालीं प्रसिद्ध केला. दोरीला बांधून गरगर फिरविलेला तांब्या जसा बाहेर ओढ घेतो, तशी ओढ त्या बियांना लागत होती. त्यांचीं मुळें चाकाच्या बाहेरच्या बाजूस वळलीं व कोंब मध्याकडे! शेतांत हीच ओढ पृथ्वीची असते.

आतां भिजलेल्या दाण्याची साल काढा. त्याच्या दोन डाळी सुटतील. जात्यावर भरडून आपण करतों तीच ही डाळ. तिच्या टोंकाशीं इवलेंसें रोप दडलेलें असतें, आणि डाळ ही त्याची शिदोरी होय. मूग आपली शिदोरी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतो, हरभरा ती जमिनींतच ठेवतो. हिरवीं पानें उन्हांत स्वतः अन्न करूं लागेपर्यंत रोपाला तिच्यावरच निभवावें लागतें.

पेरणी फसते ती येथेंच. मृगाची एखादी सर येते, वरची दोन बोटें माती भिजते, आणि घाईनें पाभर चालते. दाणे जागे होतात, मुळें फुटतात. मग पंधरा दिवस थेंब नाहीं. मोड वाढूं लागलेला दाणा पुन्हां निजूं शकत नाहीं. तो सुकून मरतो. मग दुबार पेरणी करावयाची, आणि बियाण्यासाठीं पुष्कळदां कर्ज काढावयाचें. म्हणून जाणते शेतकरी आधीं वीतभर उकरून खालची ओल पाहतात. पुढच्या मृगांत तुम्हीहि वडिलांबरोबर जा, खालची माती मुठींत दाबून पाहा, आणि तिचा लाडू वळतो कीं ती भुरभुर गळते, तें त्यांना सांगा.