भाकरी, कालवण आणि आपले आरोग्य

कऱ्हा नदी पुरंदरच्या डोंगरात उगम पावते. मोरगाव, बारामती असा प्रवास करून ती सोनगावापाशी नीरेला मिळते. तिच्या काठचा मुलूख कमी पावसाचा. 1885 साली नीरेचा डावा कालवा झाला. कालव्याखाली ऊस आला, पुढे साखर कारखाने निघाले. वरच्या अंगाला मात्र अजून जिरायतच आहे. तिथे बाजरी, शाळू, हुलगा, मटकी, करडई ही पिके निघतात.

या पाठात आपण शेतातल्या पिकाविषयी नव्हे, ताटातल्या अन्नाविषयी बोलू.

आपल्या वाडवडिलांचे ताट कसे होते? पावसाळ्यानंतर बाजरीची भाकरी, उन्हाळ्यात शाळूची. सोबत हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, तांदुळजा किंवा अंबाडीची भाजी. तोंडी लावायला कांदा आणि कारळ्याची किंवा जवसाची चटणी. हे गरिबाचे जेवण, असे आपण म्हणत आलो. पण या जेवणात मोठे बळ आहे. ते कोणते, ते पाहू.

दाण्याचे तीन भाग

कोणत्याही धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात. वरचे साल म्हणजे कोंडा. टोकाशी असतो तो कोंब. बाकीचा मधला भाग पिठूळ. पिठूळ भाग पोट भरतो. जीवनसत्त्वे, क्षार आणि चोथा हे मात्र कोंड्यात व कोंबात जास्त असतात. भाकरीच्या पिठात तिन्ही भाग येतात. मैद्यात कोंडाही नाही आणि कोंबही नाही. पाव, बिस्किटे, खारी हे सारे मैद्याचे.

कोंडा गेला तर काय होते, हे जावा बेटात कळून आले. तिथे आइकमन नावाचे एक डच डॉक्टर होते. 1890 च्या सुमारास त्यांनी पाहिले की, पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात. कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांना होणारा बेरीबेरी हा रोगही अशाच खाण्याने होतो. कोंड्यातले एक जीवनसत्त्व न मिळाल्याने तो होतो. या शोधाबद्दल आइकमन यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चोथ्याचे काम

चोथा पचत नाही. मग तो कशाला हवा? शेताचे उदाहरण घ्या. दांडातून एकदम पाणी सोडले तर वाफा फुटतो. बेताने सोडले तर ते मुळाशी जिरते. पोटातही तसेच आहे. चोथा असला म्हणजे अन्न सावकाश पचते आणि साखर रक्तात बेताबेताने उतरते. पोट साफ राहते. भूकही लवकर लागत नाही. मैदा आणि साखर खाल्ली की साखरेचा लोंढाच रक्तात येतो.

भाकरीला डाळीची जोडही हवी. शरीर घडवणारे जे प्रथिन, त्याचा एक घटक ज्वारी-बाजरीत कमी असतो. तो तूर, मटकी, हुलगा, हरभरा यांत भरपूर असतो. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मटकीला मोड आणले तर आणखी चांगले. मोडांत जीवनसत्त्व वाढते आणि त्यातले लोह अंगी लागायला सोपे जाते. पालेभाजीवर लिंबू पिळावे, तेही याचसाठी. जेवणाला लागूनच चहा मात्र घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही.

ताट कसे बदलले?

1972 च्या दुष्काळात ज्वारी पिकलीच नाही. लोकांनी परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली. कामावर सुकडी खाल्ली. पुढे रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. उसाचा पैसा आला तसे घरोघरी चहा-साखर, बिस्किटे, फरसाण आले. कष्टाची कामे यंत्रावर गेली. अंगमेहनत कमी झाली, पण खाणे कमी झाले नाही.

याचे फळ आता दिसते आहे. 2023 साली सरकारी आरोग्य संशोधकांनी देशभरची पाहणी प्रसिद्ध केली. देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे त्यांना आढळले. हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचाच रोग, असे आता म्हणता येत नाही. खेड्यातही शंभर मोठ्या माणसांत सुमारे नऊ जणांना तो आहे.

एक हिशेब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, दिवसाला वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. म्हणजे सहा लहान चमचे. तीन कप चहा, कपाला दोन चमचे, इतक्यातच सहा चमचे संपले! मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. त्यात लोणचे, पापड, चटणी, फरसाण सगळे आले. मीठ जास्त झाले की रक्तदाब वाढतो.

पोटुशीचे ताट

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट ऐका. 1993 पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत एक अभ्यास केला. सुमारे आठशे गरोदर बायांचे खाणे त्यांनी लिहून घेतले. पुढे बाळांची वजने केली. ज्या बायांनी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा घेतले, त्यांची बाळे वजनाने चांगली निघाली. अगदी किरकोळ अंगाच्या बायांना पालेभाजीचा गुण जास्त आलेला दिसला. रानात उगवणारी भाजी आणि घरचे दूध! यात महाग असे काय आहे?

पण बाईच्या ताटात ते पडते का? एका घरातले बोलणे ऐका.

"आत्याबाई, नर्सबाईंनी रोज पालेभाजी खायला सांगितलीय."

"अगं, मग करतीस की रोज."

"करते, पण गडीमाणसं जेवून उठली की पातेल्यात पाणीच राहतं."

सासू गप्प झाली. मग म्हणाली, "उद्यापासून तुझी वाटी मी आधी काढून ठेवीन. अन् सकाळचं दूध सगळं डेअरीला घालायचं नाही."

त्या सासूने केले ते योग्यच केले. दूध विकून पैसा जरूर करावा. पण घरच्या लेकरांचा आणि पोटुशीचा वाटा आधी काढावा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली गोष्ट. धान्य, डाळी, भाज्या, फळे यांत जवळजवळ सारे काही आहे. एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे बी-12 हे जीवनसत्त्व. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. याज्ञिकांच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त बायांच्या रक्तात ते कमी आढळले. ते कमी पडले की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. जो दूधही घेत नाही त्याने डॉक्टरांना विचारून बी-12 ची गोळी घ्यावी. असे खाणे वाईट नाही, पण गोळीवाचून ते अपुरे आहे.

दुसरी गोष्ट. भाकरी चांगली म्हणून चार भाकरी खाणे चांगले नव्हे. मधुमेह असणाराने भाकरी बेताची, भाजी-उसळ दुप्पट, असे ताट करावे. "आता भाकरी खातो, गोळी कशाला?" असे म्हणू नये. चांगल्या खाण्याने पुढे गोळी कमी होईलही. पण ती कमी करायची डॉक्टरांनी. आपल्या मनाने सोडली तर डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांना धोका असतो.

ज्वारी, मटकी, पालेभाजी ही पथ्याची म्हणून वेगळी शिजवावी लागत नाहीत. सगळ्या घराला ती चालतात. घरात एकाला मधुमेह असला तर सगळ्यांचेच ताट सुधारावे. म्हणजे लेकरांना तो रोग होण्याची भीती कमी होते.

आता सांगा

1. दाण्याचे तीन भाग कोणते? मैद्यात कोणते दोन नसतात?
2. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ का खावी?
3. तुमच्या घरी दिवसाला माणशी किती चमचे साखर लागते? मोजून लिहा.
4. आज तुमच्या घरात शेवटी कोण जेवले? त्या ताटात भाजी होती का?