आयाळ आणि शेपटी

जत्रेच्या बाजारात घोडा उभा असतो. माणसे त्याचे पाय पाहतात, दात पाहतात. पण नजर खिळते ती आयाळीवर आणि शेपटीवर. मानेवर रुळणारी आयाळ आणि खुरापर्यंत लोंबणारी शेपटी, ही घोड्याची शोभा. म्हणून घोडेवाला जत्रेआधी हे केस धुतो, विंचरतो, त्यांना तेल लावतो. कुणी मेंदी लावतो. कुणी काळा रंगही लावतो.

शोभा जरूर करावी. त्यात वाईट काही नाही. पण शोभा कशी करावी आणि शोभेच्या नावाखाली काय करू नये, हे कळले पाहिजे. नाही तर मुक्या जनावराची कातडी भाजते, आणि कधी कधी घेणाऱ्याचा खिसाही रिकामा होतो.

केस कशासाठी?

घोड्याला हात नाहीत. अंगावर माशी बसली तर तो काय करील? शेपटी झाडील. आयाळ मानेवरच्या माश्या हाकलते. शेपटी मागच्या अंगावरच्या माश्या हाकलते. म्हणजे शेपटी ही घोड्याची चवरी आहे. ज्याने हौसेखातर शेपटी आखूड कापली, त्याने घोड्याची चवरीच काढून घेतली. पावसाळ्यात माश्या वाढल्या की तो घोडा दिवसभर पाय आपटतो. त्याला धड चारा खाऊ देत नाहीत माश्या.

शेपटीचा वरचा भाग हाडामांसाचा असतो. त्याला दांडा म्हणू. त्याखाली नुसते केस असतात. केसाचे मूळ कातडीत असते, ते जिवंत असते. कातडीबाहेरचा केस आपल्या नखासारखा असतो. कापला तर दुखत नाही, मुळापासून ओढला तर दुखतो. तुटलेला केस तेलाने सांधत नाही. नवा केस यावा लागतो. खुरापर्यंत लांब शेपटी व्हायला काही वर्षे लागतात. पण वेड्यावाकड्या विंचरण्याने ती एका सकाळी विरळ होते.

चकाकी पोटातून येते

केसांची चकाकी बाटलीतून येत नाही. ती आधी पोटातून येते. हिरवा चारा, चांगले वाळलेले गवत, भिजवलेले हरभरे, मीठ आणि स्वच्छ पाणी, हे वेळच्या वेळी मिळाले तर केस आपोआप तजेलदार होतात. जुने लोक मूठभर जवस चांगले उकडून, निववून चंदीत घालतात. जवसाच्या तेलाने केसांना तकाकी येते. मात्र कोणतेही नवे खाणे एकदम जास्त देऊ नये. घोड्याचे पोट नाजूक असते. त्याला पोटशूळ उठतो.

एका पाल्यापासून मात्र घोड्याला जपावे. तो म्हणजे सुबाभळीचा पाला. शेळ्या-गुरांना तो चारतात. बांधावर सुबाभूळ असली की माणूस सहज घोड्यापुढेही चार फांद्या टाकतो. पण या पाल्यात आणि बियांत मिमोसीन नावाचे विष असते. शेळी आणि गाय रवंथ करणारी जनावरे आहेत. त्यांच्या पोटातले काही सूक्ष्म जंतू हे विष मोडतात. घोडा रवंथ करत नाही. त्याला हा पाला बाधतो. आणि पहिली खूण कुठे दिसते? आयाळीचे आणि शेपटीचे केस गळू लागतात. अशा वेळी तेल चोळून काय उपयोग? आधी पाला बंद केला पाहिजे.

विंचरावे कसे?

घोड्याच्या अगदी मागे उभे राहू नये. बाजूला, त्याच्या मांडीजवळ उभे राहावे. आधी आवाज द्यावा, पाठीवर हात ठेवावा. म्हणजे तो दचकत नाही.

पहिला कंगवा म्हणजे आपली बोटे. काटे, कुसळे आणि गाठी बोटांनी सोडवाव्यात. मग केसांची एक बट हातात धरावी. बट मध्ये घट्ट धरली की मुळाला ओढ बसत नाही. फणी आधी टोकाला चालवावी. टोक सुटले की थोडे वर, मग आणखी वर. खालून वर जायचे, वरून खाली नाही. वरून फणी ओढली की सगळ्या गाठी खाली एकत्र होतात आणि केस तुटतात. सुटत नसलेल्या गाठीला दोन थेंब खोबरेल चोळावे. कात्री ही शेवटची.

धुणे आणि तेल लावणे

केस रोज धुवायचे नसतात. रोज करायचा तो खरारा. धुवायचे तेव्हा उन्हाची वेळ पाहावी. कपड्यांचा साबण आणि धुण्याचा सोडा घोड्याला लावू नये. त्याने कातडी कोरडी पडते. रिठ्याचे पाणी चालते, पण ते डोळ्यांत जाऊ देऊ नये. साबण असो की रिठा, स्वच्छ पाण्याने पुरता धुऊन काढावा. मुळाशी फेस राहिला की खाज सुटते. खाज सुटली की घोडा झाडाला शेपटी घासतो. मग धुतलेलेही वाया.

केस वाळले की तळहातावर थोडे खोबरेल घ्यावे. दोन्ही हातांना चोळावे आणि केसांच्या खालच्या भागाला लावावे. थोडेच लावावे. केस तेलाने चपचपले की त्यावर धूळ बसते आणि केसांच्या दोऱ्या होतात. पाठीवर, खोगिराच्या जागेवर तेल मुळीच लागू देऊ नये. तिथे तेल लागले तर खोगीर सरकते आणि बसणारा पडतो.

घोडा शेपटी का घासतो?

शेपटीचे केस वरच्या बाजूला तुटून उभे राहिले असतील तर समजावे की घोडा शेपटी घासतो आहे. त्याची कारणे पुष्कळ आहेत. केसांत उवा असतील. खरजेचे किडे असतील. बारीक चावऱ्या माश्यांची ॲलर्जी असेल. पोटात सुतासारखे जंत असतील. हे जंत गुदद्वाराभोवती अंडी घालतात आणि तिथे खाज सुटते. म्हणजे रोग पोटात आणि खूण शेपटीवर!

अशा वेळी रॉकेल किंवा गाडीचे जळके तेल लावू नका. त्याने कातडी भाजते. घोड्याला गुरांच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर तपासतील आणि औषध देतील.

मेंदी लावायची तर

घोड्याला मेंदी लावण्याची रीत जुनी आहे. मोगल काळातल्या चित्रांत मेंदीने रंगवलेले घोडे दिसतात. आजही वरातीच्या पांढऱ्या घोडीच्या शेपटीला मेंदी लावतात.

मेंदीचा रंग केसात मुरतो. तो पाण्याने जात नाही. पांढऱ्या केसावर तो केशरी-तांबडा येतो. तपकिरी केसावर नुसती लाली येते. काळ्या केसावर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून काळ्या घोड्यावर मेंदी वाया घालवू नये.

लावण्याची पद्धत अशी. नुसत्या पाल्याची शुद्ध मेंदी घ्यावी. कोमट पाण्यात कालवून काही तास भिजू द्यावी. आदल्या दिवशी थोडी मेंदी कातडीच्या लहानशा जागेवर लावून पाहावी. दुसऱ्या दिवशी तिथे सूज किंवा पुरळ दिसले तर ती मेंदी वापरू नये. केस धुऊन वाळवावेत. केसांना तेल असले तर रंग धरत नाही. मग एकेक बट घेऊन मेंदी लावावी. जखमेवर लावू नये. वर जुने फडके सैलसर गुंडाळावे. दांड्यावर घट्ट कधी बांधू नये. दांड्यातले रक्त अडले तर शेपटीला मोठी इजा होते. दोन-तीन तासांनी साध्या पाण्याने धुवावे. रंग दुसऱ्या दिवशी आणखी खुलतो. तेल लावायचे ते त्यानंतर.

काळ्या मेंदीपासून सावध

बाजारात काळी मेंदी म्हणून पुड्या मिळतात. मेंदीच्या पाल्यातून काळा रंग निघत नाही. अशा पुड्यांत बहुधा पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते. माणसांच्या काळ्या कलपातही ते असते. काहींच्या अंगावर त्याने फोड येतात, सूज येते. पोटात गेले तर ते जिवावर बेतते. माणूस निदान "आग होते" असे सांगतो. घोडा कुणाला सांगणार? तो शेपटी घासतो, पाय झाडतो आणि आपण म्हणतो, घोडा वांड झाला. कलप, भिंतीचा रंग, फवाऱ्याचा रंग, यातले काहीही घोड्याला लावू नये.

बाजारात घोडा घेताना

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा गाव आहे. तिथे दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या जत्रेतही घोडे येतात. अशा बाजारात रंगाला मोल असते. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असला तर घोड्याला पंचकल्याणी म्हणतात आणि शुभ मानतात. काळ्याभोर घोड्याचीही किंमत चढते. जिथे रंगाला पैसे, तिथे रंगाची फसवणूकही आली.

२०२२ साली पंजाबातल्या सुनाम गावी असेच झाले. एका व्यापाऱ्याने काळा घोडा म्हणून २२ लाखांहून जास्त रुपये मोजले. घरी आणून घोड्याला धुतले. पाण्याबरोबर काळा रंग वाहून गेला आणि खाली वेगळाच रंग निघाला. व्यापाऱ्याला पोलिसांकडे जावे लागले.

म्हणून पैसे देण्याआधी पाणी मागावे. ऐका:

"पाव्हणं, घोडीचा रंग कोणता?"

"काळी कुळकुळीत! डोळ्यानं दिसतंय की."

"दिसतंय खरं. पण जरा बादलीभर पाणी द्या."

"घोडी आत्ताच पाणी प्यालीय."

"घोडीला नको. माझ्या फडक्याला पायजे."

"अहो दादा, रंग पक्का हाय!"

"मग भ्यायचं कशाला? फडकं पांढरंच राहील."

ओले पांढरे फडके आयाळीवर, शेपटीवर, पायांवर दाबून चोळावे. पण पक्का कलप फडक्याला लागत नाही. तेव्हा आयाळ बोटांनी फाकवून केसाचे मूळ पाहावे. कानाच्या आतले आणि पापणीचे केस पाहावेत. तिथे सहसा रंग लावता येत नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. काळ्या घोड्याचे केस उन्हाने आणि घामाने टोकाला तांबूस होतात. मूळ काळे आणि टोक तांबूस असेल, तर ते उन्हाचे काम. मूळ तांबूस आणि टोक काळे असेल, तर ते माणसाचे काम! कारण रंग जुन्या केसाला लागतो, मुळातून येणारा नवा केस आपला खरा रंग घेऊन येतो.

आणखी एक. पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मताना गडद रंगाचे असतात. वय वाढेल तसे ते पांढरे होत जातात. करडे घेतलेले शिंगरू पुढे पांढरे झाले, तर विकणाऱ्याला दोष देऊ नये. ती निसर्गाची करणी आहे.

विकणाऱ्यानेही एवढे करावे. मेंदी लावली असेल तर "मेंदी लावली आहे" असे सरळ सांगावे. मेंदी ही शोभा आहे. लपवून लावलेला रंग ही चोरी आहे. रंग आज ना उद्या उतरतो. गेलेला विश्वास परत येत नाही.

लक्षात ठेवा

१. चकाकी आधी पोटातून येते, मग फणीने, मग तेलाने.
२. सुबाभळीचा पाला घोड्याला चारू नये.
३. विंचरताना खालून वर जावे. घोड्याच्या मागे उभे राहू नये.
४. शेपटीच्या दांड्यावर घट्ट काही बांधू नये.
५. काळी मेंदी आणि कलप घोड्याला लावू नये.
६. पैसे देण्याआधी ओले फडके फिरवावे आणि केसाचे मूळ पाहावे.

प्रश्न

१. शेपटीला घोड्याची चवरी का म्हटले आहे?
२. सुबाभळीचा पाला शेळीला चालतो, घोड्याला का चालत नाही?
३. घोडा शेपटी घासत असेल तर तुम्ही काय कराल?
४. मूळ तांबूस आणि टोक काळे असेल तर काय समजावे?
५. तुमच्या गावात कुणाकडे घोडा असेल तर त्याला हा धडा वाचून दाखवा.