धुक्यातील छायाचित्र

गेल्या हिवाळ्यात आमच्या छायाचित्र-मंडळातील विद्यार्थ्यांनी एक हट्ट धरला. दिनदर्शिकांवर पाहावयास मिळतात तशी धुक्यातील पहाटेची चित्रे आपणही घ्यावीत आणि स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ती मांडावीत, असे त्यांच्या मनाने घेतले होते. हैदराबादेत धुके कोठले, असे प्रथम आम्हांसही वाटले. सुलतान बाजार, काचीगुडा, कोठी या आपल्या नित्याच्या वस्तीत हिवाळ्याच्या सकाळी जे धूसर दिसते, त्यात वाहनांच्या धुराचा आणि धुळीचाच वाटा मोठा. परंतु शहर मागे टाकून पश्चिमेकडे निघाले म्हणजे देखावा पालटतो. गंडीपेठचा उस्मानसागर जलाशय आणि त्याच्याही पलीकडे, विकाराबादजवळ जेथे मुसी नदी उगम पावते त्या अनंतगिरीच्या टेकड्या, या भागात डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, निर्वात पहाटे धुके उतरते.

जानेवारीतील एका रविवारी आम्ही दहा-बारा जण अंधारातच गंडीपेठच्या काठी जाऊन पोहोचलो. त्या एका सकाळी आमच्या हातून तीन चुका घडल्या. पहिल्या दोन चुका यंत्र हाताळण्यातील होत्या. त्यांवर उपाय सांगता येतो. तिसरी चूक नजरेची होती. खरे म्हणजे तिच्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. परंतु सारे क्रमाने सांगितलेले बरे.

प्रथम धुके म्हणजे काय, ते पाहू. रात्री आकाश निरभ्र असले म्हणजे दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिच्यालगतची हवाही थंड होते. हवेचे तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की तीतील बाष्पाचे सूक्ष्म जलकण बनतात आणि ते तरंगत राहतात. शेतांवर आणि सखल जागी साचते ते हे धुके. जलाशयावरील धुक्याची तऱ्हा थोडी निराळी. पाणी जमिनीइतके लवकर थंड होत नाही. पहाटेची गार हवा त्या उबदार पाण्यावर आली की पाण्यातून उठणाऱ्या बाष्पाचे तेथल्या तेथे जलकण होतात, आणि पाणीच धुमसत आहे की काय, असे वाटू लागते. हिवाळ्यात न्हाणीघरात कढत पाणी बादलीत ओतताना जी वाफ दिसते, तिचेच हे विशाल रूप होय. शहराच्या मध्यभागी मात्र दगड, सिमेंट आणि डांबर रात्रभर साठवलेली उष्णता सोडीत असतात. म्हणून तेथे धुके विरळ पडते.

समोरचे एक किलोमीटरपर्यंतही दिसत नसेल, तर हवामानशास्त्रज्ञ त्यास धुके म्हणतात. त्याहून दूरचे दिसत असेल, तर ते विरळ धुके. छायाचित्रकाराला या दोहोंच्या सीमेवरील स्थिती सर्वांत उपकारक असते. अतिदाट धुक्यात सर्वच नाहीसे होते आणि अगदी विरळ धुक्यात काहीच झाकले जात नाही. ही स्थिती फार वेळ टिकत नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. त्यानंतर ऊन जमिनीवर आले की धुके विरू लागते. म्हणून सूर्योदयापूर्वी निदान अर्धा तास आधी जागेवर हजर असावे, कोठे उभे राहावयाचे ते ठरवून ठेवावे आणि कॅमेरा तिपाईवर बसवावा. कमी उजेडात चित्र उमटण्यास वेळ लागतो, आणि थंडीने हातही कापत असतो.

आता आमची पहिली चूक. पांढरेशुभ्र धुके डोळ्यांपुढे असताना आमची पहिली वीस-पंचवीस चित्रे राखेसारखी करडी उमटली. मुलांनी कॅमेऱ्याला दोष दिला. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. प्रकाश मोजणारे यंत्र एक गोष्ट गृहीत धरून चालते. ते असे मानते की, समोरचा देखावा सरासरीने मध्यम करडा आहे. सामान्य देखाव्यात ऊन, सावली, झाडे, माती यांचे मिश्रण असते. तेथे हा हिशेब बरोबर येतो. धुक्यात मात्र बहुतेक सारे पांढरे. यंत्र त्या पांढऱ्यालाही करडे करून सोडते. यावर उपाय सोपा आहे. यंत्र सुचवील त्याहून अधिक प्रकाश आत घ्यावा. बहुधा दुप्पट पुरतो. मोबाईलने चित्र घेणाऱ्यांनी पडद्यावर बोट ठेवावे. पुष्कळ मोबाईलमध्ये शेजारी सूर्याचे चिन्ह उमटते. ते किंचित वर सरकवले की धुके पुन्हा पांढरे होते. मात्र तेही बेताने, नाहीतर धुक्याचे पदर पुसले जातात आणि कोरा कागद उरतो.

दुसरी चूक अशी. सूर्याची वाट पाहत आम्ही कॅमेरा उघड्या भिंगासह तिपाईवर ठेवून दिला आणि चहा घेत बसलो. वीस मिनिटांनी पाहतो, तर सारेच अंधुक. एका विद्यार्थ्याला वाटले की धुके दाट झाले. प्रत्यक्षात भिंगावर दव साचले होते. उघड्या आकाशाखाली भिंगाची काच आपली उष्णता गमावून दवबिंदूच्या खाली गेली होती. म्हणजे शेतांवर जे रात्रभर घडले, तेच आमच्या भिंगावर वीस मिनिटांत घडले. भिंग झाकून ठेवले असते आणि मऊ, कोरडे फडके खिशात बाळगले असते, तर हा घोटाळा टळला असता. शर्टाच्या टोकाने मात्र भिंग कधीही पुसू नये.

येथे एक शंका निघाली. दूरचा डोंगर निळसर दिसतो, मग धुके निळे का नाही? हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगांहून पुष्कळच लहान असतात. ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली दाखवून दिले. धुक्याचे जलकण त्या मानाने फार मोठे असतात. त्यांचा व्यास साधारणतः १० ते २० मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दृश्य प्रकाशाचे तरंग ०.४ ते ०.७ मायक्रॉनचे. एवढे मोठे कण सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते. कृष्णधवल चित्रांत दूरचा निळसरपणा काढण्यासाठी पिवळी किंवा लाल काच भिंगापुढे लावतात. ती धुक्यापुढे निरुपयोगी ठरते, त्याचे कारणही हेच.

परंतु धुके हटवावयाचे तरी कशाला? त्याचा खरा उपयोग अंतर दाखविण्यासाठी आहे. जवळचे झाड काळे, त्यामागचा खडक करडा, त्याहून दूरचा काठ फिकट, आणि त्यापलीकडे नुसता आभास. दूरच्या वस्तू फिक्या रंगविल्या की चित्रात खोली येते, हे इटलीचे चित्रकार लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या टिपणांत नोंदवून ठेवले आहे. छायाचित्रकाराला ही खोली धुके फुकट देते. अट एकच. चित्रात काहीतरी जवळ आणि गडद असले पाहिजे. आपल्या भागातील ग्रॅनाइटचे एकावर एक रचल्यासारखे खडक त्या कामी फार उपयोगी पडतात.

हे सारे शिकून आम्ही पुन्हा चित्रे घेतली आणि ती उत्तम उठली. पाण्यावर धुक्याचे पट्टे, मध्ये एक नाव, नावेत जाळे ओढणारा कोळी; जणू शाईचा एक ठिपका. आम्ही स्वतःवर खूष होतो. थोड्या वेळाने तो कोळी काठाला आला. म्हातारा होता. थंडीने त्याची बोटे आखडली होती. मुलांनी कौतुकाने त्याला मोबाईलवर चित्र दाखविले. त्याने ते डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळले आणि आपल्या दक्खनी बोलीत विचारले, “इसमें तो सब सफेदीच सफेदी है. हम किदर हैं?”

मुले हसली. आम्हीही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर तो प्रश्न आमची पाठ सोडीना. त्याला न विचारता आम्ही त्याचे चित्र घेतले होते. आणि ज्या माणसाच्या श्रमांमुळे त्या देखाव्यात जीव आला, त्यालाच आम्ही ओळखू न येणारा ठिपका करून ठेविले होते. ही आमची तिसरी चूक. धुके काय झाकते, याचा दोष कोणाकडे जात नाही. आपण काय झाकू देतो, याची जबाबदारी मात्र आपल्यावर असते.

त्या जलाशयाचा इतिहास आठवला, तेव्हा ही गोष्ट अधिकच पटली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. पुढे पुन्हा असा अनर्थ होऊ नये म्हणून अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले हे गृहस्थ. त्यांच्या योजनेतून मुसीवर १९२० साली उस्मानसागर आणि इसी नदीवर १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला. आम्ही ज्याच्या सौंदर्याला भुललो, तो जलाशय एका आपत्तीच्या पोटी जन्मला आहे.

मग त्या पुरापूर्वीचे हैदराबाद कसे होते? ते पाहावयाचे असेल, तर राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांकडे वळावे लागते. त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे झाला. रुडकीस शिक्षण घेऊन ते इंदुरास नोकरीस लागले आणि तेथे तुकोजीराव होळकरांच्या आश्रयाने त्यांची कला वाढली. पुढे सिकंदराबादेस त्यांनी चित्रशाळा उघडली आणि सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांस दरबारचे छायाचित्रकार नेमले. त्या काळी जड कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या तबकड्या गाडीवर लादून न्याव्या लागत. एका तबकडीवर एकच चित्र. त्यामुळे घेण्यापूर्वी विचार करावाच लागे. दीनदयाळ १९०५ साली वारले. पूर त्यानंतर तीन वर्षांनी आला. जे पाण्याने नेले, त्यातील काही त्यांच्या काचांवर राहिले. चित्र घेताना हे त्यांना कसे ठाऊक असणार? कोणते चित्र उद्या एकमेव पुरावा ठरेल, हे कोणत्याच छायाचित्रकाराला ठाऊक नसते.

आज गंडीपेठच्या काठावरून कोकापेटच्या बाजूस पाहिले, तर उंच इमारतींची रांग दिसते. या दोन जलाशयांभोवती १० किलोमीटरपर्यंत बांधकामांवर निर्बंध घालणारा शासकीय आदेश १९९६ साली निघाला होता. ते निर्बंध उठविण्याचा आदेश २०२२ साली निघाला. आमच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशी त्या इमारती चित्रात येऊ नयेत म्हणून मोठी खटपट केली होती. दिनदर्शिकेच्या चित्रात इमारती शोभत नाहीत ना! परंतु त्या वगळून उरते ते कोणत्याही तळ्याचे चित्र; आजच्या गंडीपेठचे नव्हे. तसेच हल्ली संगणकाच्या साहाय्याने कोरड्या दुपारवरही धुके पसरता येते. करमणूक म्हणून ते खुशाल करावे; परंतु स्थळाची नोंद म्हणून ते चित्र खोटे ठरेल.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तेथे गेलो. तोच कोळी भेटला. या वेळी त्याला आधी विचारले. त्याने जाळे सोडविताना जवळून चित्र घेण्यास मान डोलावली आणि डोक्याचा रुमाल नीट बांधून घेतला. चित्र असे उमटले: पुढे त्याचा चेहरा आणि हात, गडद आणि स्पष्ट, मागे पाणी, पाण्यामागे धुक्याचा पट्टा, आणि धुक्याच्या वर, फिकट पेन्सिलीने काढाव्यात तशा, इमारती. यातले काहीही आम्ही खोडले नाही.

प्रदर्शनात हे चित्र मांडले, तेव्हा एका पाहुण्यांनी विचारले की, इमारती थोड्या झाकल्या असत्या तर चित्र अधिक सुंदर झाले नसते का? कदाचित झालेही असते. विद्यार्थ्यांनी मात्र चित्रामागे दिनांक आणि स्थळ लिहून ठेविले आहे. हिवाळ्यात कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एवढे तरी करावे.

चित्राची एक प्रत आम्ही त्या कोळ्याला नेऊन दिली. त्याने ती उजेडाकडे धरली. या वेळी त्याने काही विचारले नाही. पंचाने हात पुसले आणि जाळ्याला लागू नये अशा बेताने ती वरच्या खिशात ठेविली.